खुणेचं पातळ

नदीला पाणी सोडलं आणि त्याच दिवशी परटांचं धुणं बंद झालं.

दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं होतं. नदीचं नुसतं डबकं उरलं होतं आणि त्या डबक्यात पाळ्या लावून आठ घरच्या परटांनी कसेबसे दिवस काढले होते. आता बारा वर्षांची पर्वणी आली. लांबलांबची माणसं बुडी मारायला येणार, म्हणून वरच्या धरणाचं पाणी सोडलं. घाट भरून वाहायला लागला, आणि घाटावर पाटी लागली की महिनाभर इथं कुणी धुणं धुवायचं नाही, साबण-सोडा पाण्यात जाता कामा नये. आठ घरांत वाचता येणारा माणूस एकच. त्यानं पाटी मोठ्यानं वाचली आणि सगळ्यांनी खाली टाकलेली गाठोडी पुन्हा डोक्यावर घेतली.

घाट बंद झाला म्हणून लोकांचे कपडे मळायचे थोडेच थांबतात? उलट काम दुप्पट झालं. यात्रेकरूंसाठी माळावर तंबू उभे राहिले होते आणि तिथल्या चादरी आठही घरांत वाटून दिल्या होत्या. धुवायचं कुठं, तर गावाबाहेर दीड कोसावरच्या दगडाच्या जुन्या खाणीत. तिथलं पाणी हिरवं आणि जड. साबणाला फेस येत नाही, कपड्याला चकाकी येत नाही. हातगाडीवर ओली चादर चढवायची म्हणजे माणूस उचलून ठेवल्यासारखं व्हायचं. ज्या परटिणीची ही गोष्ट आहे, तिच्या कमरेत आठव्या दिवशी जी कळ बसली ती उठायलाच तयार नव्हती. नवऱ्याची छाती भट्टीच्या वाफेनं आधीच कामातून गेलेली. चढावर गाडी ओढताना तो दर वीस पावलांना थांबायचा आणि चाक बघितल्याचं सोंग करायचा. तीही त्याच्याबरोबर चाक बघायची. संसारात एवढं सोंग करावंच लागतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासू. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत. परटीण तिला आत्याबाई म्हणायची. आत्याबाई आता धुण्याला येत नसत. घरी बसून त्या कोरड्या कपड्यांवर पाणी शिंपडून ठेवायच्या, घरागणिक कपडे वेगळे लावायच्या आणि नव्या कपड्याला खूण घालायच्या. खुणा सगळ्या त्यांच्याच. अक्षर एक येत नव्हतं, पण नव्वद घरांना नव्वद खुणा त्यांनी दिल्या होत्या. कुणाला तीन टिंबं, कुणाला फुली, कुणाला रेघेवर रेघ. पदराच्या आतल्या कोपऱ्यात काळ्या शाईनं घातलेली ती खूण कापड विरलं तरी जायची नाही. घरमालक बदलला, नाव बदललं, पोरी लग्न होऊन गेल्या, खूण तीच. एका घराला मात्र खूण नव्हती, ते म्हणजे त्यांचं स्वतःचं. परटिणीनं नवी असताना एकदा विचारलं होतं, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या होत्या की खूण नाही ते आपलं, यापेक्षा मोठी खूण कुठली.

आणि दुसरा नियम असा, की गिऱ्हाइकाचं कापड अंगाला लावायचं नाही. परटाच्या धंद्यात हा मोह काय सांगावा. घरात कपड्यांच्या चळती आणि आपल्या अंगावर ठिगळं. लोकही तसलेच, परीट दिसला की आपला सदरा तर नाही ना अंगात, म्हणून आधी त्याची छाती बघतात. आत्याबाईंनी त्या बाबतीत कानाला खडा लावला होता. त्यांच्या घरचं माणूस एकदाही सापडलं नव्हतं. त्या ताठ मानेनं गल्लीतून जायच्या.

चौदा वर्षांपूर्वी परटीण लग्न होऊन आली, त्याच वर्षी तिला दिवस गेले. तिसरा महिना होता. एका दुपारी इस्त्री करता करता तिनं एक निळी शाल खांद्यावर टाकून आरशात बघितलं. एवढंच. दोन श्वास घेण्याएवढा वेळ. मागून आत्याबाई आल्या आणि त्यांनी फाडकन मुस्काटात दिली. वर शिक्षा म्हणून सांगितलं की आज सगळी गाठोडी तू एकटीनं घाटावर न्यायची. नेली तिनं. चार खेपा केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट दुखायला लागलं आणि संध्याकाळी सगळं संपलं. त्याचा याच्याशी संबंध होता की नव्हता, कुणी सांगावं? सुईण म्हणाली, व्हायचं असतं ते होतं. पुढं त्या घरात पाळणा हलला नाही. सासूनं तो विषय काढला नाही, सुनेनं काढला नाही. आत्याबाईंचे गुडघे जाईपर्यंत दोघी एकाच चादरीची दोन टोकं धरून ती पिळत राहिल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं, आणि कधी ब्र काढला नाही. पण परटिणीच्या मनात ते होतं. ते असायचंच.

तर पर्वणी जवळ आली तसा आत्याबाईंनी एकच धोशा लावला, की मला बुडी मारायला न्या. आजवर पाच पर्वण्या त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या होत्या. पाचही वेळा त्या नदीतच होत्या, पण घाटाच्या खालच्या अंगाला, गुडघाभर पाण्यात, दुसऱ्यांचे कपडे आपटत. पुढची काही आपल्याला दिसायची नाही, ही आली आहे तेवढी पदरात घालू द्या, असं त्या लेकाला म्हणाल्या. लेक म्हणाला, बघू. तो सगळ्यालाच बघू म्हणायचा.

मोठ्या स्नानाच्या आदल्या दिवशी माळावरच्या छावणीवाल्यानं निरोप धाडला की उद्या दुपारपर्यंत शंभर चादरी पाहिजेत, नाहीतर काम दुसऱ्या घराला देतो. परटीण तेव्हा खाणीवरून दुसरी खेप करून आली होती. हातांची सालं निघालेली, पोटात सकाळचं काही नाही. तेवढ्यात आत्याबाईंनी पुन्हा विचारलं, की उद्या किती वाजता निघायचं?

"उद्या नाही जमणार," परटीण म्हणाली. "परवा नेते. पाणी तेच असेल."

"पाणी तेच असेल. दिवस तो नसेल."

परटिणीचं डोकं फिरलं. ती म्हणाली, "जन्म पाण्यात गेला ना तुमचा? साठ वर्षं त्याच पाण्यात उभ्या होतात. आता आणखी कुठलं पाणी पाहिजे?"

"ते पाणी कामाचं होतं," आत्याबाई म्हणाल्या.

"पाण्याला काय कळतंय? आणि तुम्हीच शिकवलंत मला. मळ कुठं जात नाही. कापडातून निघतो, पाण्यात जातो, खालच्या घाटाला लागतो. मग माणसाचा तरी कुठं जाणार?"

आत्याबाईंनी समोरचं गाठोडं ओढलं आणि पाणी शिंपडायला लागल्या. बोलून गेल्यावर परटिणीला वाटलं की जरा जास्तच झालं. पण कंबर ठणकत होती आणि कोळसा पेटत नव्हता, तेव्हा तिनं तो विषय तिथंच सोडला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी नवरा-बायको गाडी घेऊन खाणीकडे निघाली. निघताना परटिणीनं सासूला बजावलं की तयार गाठोडी सांभाळा, संध्याकाळी घरोघर पोचवायची आहेत. आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्या बरं म्हणाल्या. अंगावर नेहमीचं लुगडं होतं, गुडघ्यावर विरलेलं, पदराला दोन ठिकाणी दंड घालून जोडलेलं. दुसरं होतं तेही त्याच्याच पंक्तीतलं. परटिणीनं मागं वळून बघितलं नाही.

रस्ता उलट्या दिशेनं भरून वाहत होता. माणसं नदीकडे चालली होती. म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलेली, पोरांच्या मनगटाला दोरी बांधलेली, डोक्यावर कोरड्या कपड्यांची बोचकी. हातगाडीला कुणी वाट देईना. एका माणसानं तर हटकलंच, की आजच्या दिवशी तरी उलटं काय चालला आहात? नवरा हसला आणि म्हणाला, तुमच्याच चादरी धुवायला. तो माणूस काही हसला नाही.

खाणीवर आठही घरची माणसं होती. ऊन वर आलं, दगड तापले. चादरी भिजवायच्या, सोड्याच्या पाण्यातून काढायच्या, आपटायच्या, पिळायच्या, खडकावर पसरायच्या. पिळताना पूर्वी दुसरं टोक आत्याबाई धरायच्या, आता नवरा धरायचा, आणि त्याचा पीळ नेमका उलटा पडायचा. दोघांची त्यावरून दर चादरीला कुरबुर व्हायची. लांबून नदीकडून कर्ण्यांचा आवाज येत होता. मध्येच तो एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा बोलणारा माणूस घाईत होता. शब्द काही कळत नव्हते.

दुपारच्या सुमाराला एक हवालदार जीप घेऊन खाणीवर आला. टोपी हातात, सदरा घामानं चिकटलेला. त्यानं जे सांगितलं त्यावरून एवढं कळलं की घाटाच्या पायऱ्यांवर रेटारेटी झाली, कठडा तुटला, माणसं माणसांवर पडली. पुष्कळांना दवाखान्यात नेलं आहे. त्यातल्या अकराजणांची ओळखच पटत नाही. बेशुद्ध आहेत, दोघं गेलीत. दवाखान्यापाशी नातेवाइकांची अशी झुंबड उडाली आहे की तोंडं दाखवायला त्यांना आत सोडलं तर तिथंच दुसरी चेंगराचेंगरी होईल. दवाखान्यात अंगावरचे कपडे कापून काढले आहेत आणि एकेक पिशवी भरून घाटावरच्या चौकीत आणली आहे. कुणीतरी साहेबांना सांगितलं की कपड्यांवर परटाच्या खुणा असतात. तर खुणा वाचणारं कोण आहे?

सगळ्यांनी परटिणीकडे बघितलं. आत्याबाईंच्या हाताखाली शिकलेली तीच. आपल्या नव्वद घरांच्या तर सोडाच, बाकीच्या सात परटांच्या खुणाही तिला तोंडपाठ होत्या. नवऱ्यानं सांगितलं, तू जा, मी चादरी आवरून घरी जातो. ती ओल्या पदरानिशी जीपमध्ये बसली. सासूचा विचार मनात आलाच नाही असं नाही. पण ज्या बाईला परसातल्या विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं, ती दीड मैलावरच्या घाटावर कशी जाईल? आत्याबाई घरी आहेत, गाठोड्यांपाशी आहेत. तिला त्यात शंका नव्हती.

चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली. जमिनीवर अकरा पिशव्या, प्रत्येकीवर आकड्याची चिठ्ठी. चिखल, ओल आणि रक्ताचा वास. परटीण उकिडवी बसली. कपडा हातात आला की तिचे हात आपोआप कोपरा शोधायचे. पहिले चार कपडे लांबचे; एकाला खूण नव्हती, तिघांची इथली नव्हती, तसं तिनं सांगितलं. पाचवा सदरा पुलापलीकडच्या परटाचा, अर्धगोल आणि टिंब. घर कुठलं ते त्यालाच विचारा. सातवं धोतर तिच्याकडचं, पेठेतल्या सुताराचं. हवालदार भराभर लिहून घेत होता. आधी त्यानं तिला अगं-तुगं केलं होतं, आता तो ताई म्हणायला लागला.

नवव्या पिशवीत पांढरं पातळ होतं. बारीक करड्या काठाचं. मधोमध कात्रीनं उभं कापलेलं, खालचा भाग चिखलानं भरलेला. तिनं कोपरा चाचपला. दोन टिंबं आणि खाली आडवी रेघ.

शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्या घरची खूण. पातळ बाईंच्या आईचं. अशीच चार पातळं होती त्यांची, एकसारखी. दर आठवड्याला तीन धुवायला यायची आणि एक अंगावर राहायचं. त्या म्हाताऱ्या बाई कपडे द्यायला दारात यायच्या तेव्हा आधी बस म्हणायच्या आणि मग कपडे मोजायच्या.

"नक्की ना?" हवालदारानं विचारलं.

"माझी खूण चुकत नाही," परटीण म्हणाली. "बाईंची आई आहे ही. शाळेमागं तिसरं घर."

हवालदारानं लगेच एका शिपायाला सायकलवरून पिटाळलं. परटिणीनं पातळ पिशवीत ठेवताना सवयीनं त्याची घडी घातली. वरच्या पदरात खळीचा कडकपणा अजून शिल्लक होता. तिच्याच हातची खळ. मग ती पुढच्या पिशवीकडे वळली.

परत जाताना तिनं जीप मागितली नाही. चालतच निघाली. रस्त्यात चपलांचे ढीग पडले होते. वाटेत तिच्या मनात येत होतं, की आत्याबाईंना हे सांगायचं कसं? त्या हळहळतील. त्या बाईंच्या आईशी त्यांचं चांगलं होतं, दोघी एका वयाच्या. आणि मग हेही आलं, खोटं कशाला सांगा, की बरं झालं आपण काल नाही म्हणालो. हट्ट पुरवला असता तर आज आपली माणसं त्या पायऱ्यांवर असती. घराजवळ येईपर्यंत तिचं मन त्या एका गोष्टीनं जरा हलकं झालं होतं.

नवरा दारातच उभा होता.

"आई कुठाय?" त्यानं विचारलं.

घरात चूल विझली होती. दांडीवर आत्याबाईंचं विरलेलं लुगडं होतं, नीट चौघडी घालून टाकलेलं. दुसरं पेटीवर. दोन्ही घरातच होती. परटीण त्या दोन लुगड्यांकडे बघत राहिली. मग इस्त्रीच्या फळीवरच्या गाठोड्यांकडे वळली. शाळेतल्या बाईंचं गाठोडं वरच होतं. काल इस्त्री झाल्यावर त्याची गाठ तिनं स्वतः मारली होती, तिच्या पद्धतीनं, उजवीकडून. आता ती डावीकडून होती. डावखुरी गाठ त्या घरात एकाच माणसाची.

तिनं गाठ सोडली. तीन पातळं असायला हवी होती. दोन होती.

ती फळीचा आधार घेत खाली बसली. नवरा काय काय विचारत होता. नऊ नंबर, एवढंच डोक्यात. दोघं गेलीत असं हवालदार म्हणाला होता, पण कुठल्या नंबरची ते तिनं विचारलं नव्हतं. कापलेलं पातळ आपल्या हातांनी धरलं, घडी घातली, खळ ओळखली, आणि माणूस ओळखलं नाही. आत्याबाई ते नेसतील असं आभाळ कोसळलं तरी कुणाच्या मनात आलं नसतं. नियमच त्यांचा.

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो भिंतीला टेकला, खोकला, आणि मग दोघंही दार नुसतं ओढून घेऊन निघाली. वाटेत त्याला धाप लागली तरी तो थांबला नाही. दवाखान्याच्या कोपऱ्यावर मात्र त्यानं तिचा हात धरला.

"हे बघ," तो म्हणाला. "नेसली होती म्हणून सांगायचं नाही. पोचवायला नेत होती म्हणून सांगू. गर्दीत थंडी वाजली, कुणीतरी अंगावर घातलं. काहीही सांगू."

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नाही. नव्वद घरं होती. एका घरानं तोंड उघडलं की नव्वद घरं आपापल्या सदऱ्यांचे वास घ्यायला लागणार. साठ वर्षं ताठ राहिलेली मान आज खाली जाणार.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेतल्या बाई तिथंच होत्या. केस सुटलेले, एका पायात चप्पल. त्यांच्या शेजारी बाकावर त्यांची आई बसली होती. धडधाकट. करड्या काठाचं चौथं पातळ नेसून, मांडीवर अंघोळीच्या जुन्या लुगड्याचं ओलं बोचकं घेऊन. त्या बुडी मारून, चेंगराचेंगरी व्हायच्या आधीच निघाल्या होत्या आणि वाटेत सावलीला बसल्या होत्या. इकडे लेकीला शिपायानं सांगितलं की तुमची आई चेंगरली. ती रडत धावत आली, बघते तो खाटेवर भलतीच म्हातारी. घरी पोचलेल्या आईला घेऊन गल्लीतली चार बायका-माणसंही धीर द्यायला आली होती. सगळी परटिणीची गिऱ्हाइकं.

बाईंनी तिला बघितलं. "खूण तू वाचलीस ना?" त्या म्हणाल्या. आवाज बसला होता. "मग आत आहे ती कोण? आईचं पातळ तिच्या अंगावर कसं आलं?"

नवऱ्यानं मागून तिच्या पाठीला बोट लावलं.

परटिणीनं एकच विचारलं, की आत आहे ती जिवंत आहे ना? बाईंनी होकारार्थी मान हलवली. मग मात्र तिला बाकी कशाची पर्वा राहिली नाही.

"माझी सासू आहे ती," ती म्हणाली. "तुमच्या गाठोड्यातलं पातळ नेसून गेली. तिला धड लुगडं नव्हतं."

एका बाईनं आपल्या पदराकडे बघितलं. शाळेतल्या बाईंच्या तोंडावर काय काय येऊन गेलं. मग हळू आवाजात म्हणाल्या की दोन तास माझी आई मेली होती. उद्यापासून आमचे कपडे नेऊ नकोस. परटीण बरं म्हणाली. दुसरं म्हणण्यासारखं होतंच काय? ती आत जायला निघाली तेवढ्यात बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी तिचा पदर धरला.

"तिला बुडी मिळाली का ग?" त्यांनी विचारलं. "का त्याच्या आधीच पडली?"

परटिणीला ते माहीत नव्हतं.

आत्याबाई भिंतीकडच्या खाटेवर होत्या. खुबा मोडला होता, तीन फासळ्या मोडल्या होत्या, तोंड एका बाजूनं सुजून काळं झालं होतं. नर्सनं सांगितलं की जगतील असं वाटतंय, पण उभ्या राहतील असं धरून चालू नका. नवरा पायापाशी बसून लहान पोरासारखा रडायला लागला तेव्हा परटिणीनं त्याला चहा प्यायला बाहेर पाठवलं. मग ओल्या पदरानं ती सासूचे ओठ टिपत बसली. ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं, तेव्हा आत्याबाईंनी डोळे उघडले.

"पातळ फाटलं?" त्यांनी विचारलं.

"कापलं. दवाखान्यात."

"शिवता येईल?"

"शिवते मी. तुम्ही बोलू नका."

पण त्या बोलायलाच आल्यासारख्या होत्या. थांबत थांबत, एकेका शब्दाला फासळी दुखत, त्यांनी सांगितलं. गर्दीनंच उचलून नेलं घाटापर्यंत. चालावं लागलंच नाही. पाणी कमरेपर्यंत आलं. माणसं बुड्या मारत होती, एक आपली, मग घरी राहिलेल्यांची नावं घेऊन एकेक. आपल्यालाही तेच करायचं होतं.

"नियम माझाच," आत्याबाई म्हणाल्या. "मीच मोडला. पण त्याच्यासाठी फाटक्यात कशी जाऊ?"

"कुणासाठी?"

सासूनं तिच्याकडे बघितलं. चौदा वर्षांत असं बघितलं नव्हतं.

"नाव नव्हतं ठेवलं आपण. खूणही नाही. नदीला सांगायचं कसं? मग म्हटलं, आमच्या सुनेचं. पहिली बुडी त्याचीच मारली. वर आले, तर मागून रेटा आला." त्या थांबल्या. "माझी राहिली."

हातातला पदर परटिणीनं घट्ट धरून ठेवला.

"त्या दिवशी मी मारलं तुला," आत्याबाई म्हणाल्या. "आता तूही मार एक."

परटिणीनं हात उचलला आणि सासूच्या सुजलेल्या गालाला लावला. मग ती रडली. मोठ्यानं नाही, पण बरंच. आत्याबाई डोळे मिटून पडून राहिल्या आणि जरा वेळानं त्यांना झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीतून पिशवी परत मिळाली. नवऱ्याला खाटेपाशी बसवून परटीण ती घेऊन घाटावर गेली. खाणीचं जड पाणी त्या पातळाला चाललं नसतं. रक्त वाहत्या गार पाण्यातच निघतं. ते धुवायचं, शिवायचं, इस्त्री करून बाईंच्या दारात ठेवायचं, घेवोत न घेवोत. गर्दी ओसरली होती. पायऱ्यांवर फुटकी बाटली, एकेकटी चप्पल, कुणाचा तरी कंगवा. तुटलेल्या कठड्याला दोरी बांधली होती. ती खालच्या अंगाला, आपल्या नेहमीच्या दगडापाशी उतरली आणि पातळ पाण्यात सोडणार, तोच वरून रखवालदार ओरडला.

"बाई, धुणं बंद आहे. पाटी बघितली नाही का? अंघोळ करायची असेल तर करा."

परटीण तशीच उभी राहिली. पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. इतकी वर्षं ती याच पाण्यात उभी होती आणि गुडघ्यापुढं कधी गेली नव्हती. पुढं तिचं काही काम नव्हतं. तिनं पातळाचा पिळा करून खांद्यावर टाकला, पदर खोचला आणि एकेक पाऊल आत गेली. मांड्या, कंबर, छाती. पाणी फार गार होतं. तिनं नाक धरलं.

"ही आत्याबाईंची," ती म्हणाली आणि खाली गेली.

वर आली तेव्हा गालावरून पाणी ओघळत होतं आणि खांद्यावरच्या पातळातून मातीचा गढूळ पट्टा निघून खालच्या घाटाकडे चालला होता. ती तो बघत थोडा वेळ उभी राहिली. मग काठाकडे वळली.

"एकच?" रखवालदारानं विचारलं. त्यानं ऐकलं होतं. "लोक इतक्या लांबून येतात बाई. तुमची स्वतःची मारा की."

"नंतर," परटीण म्हणाली. तिनं पदर पिळला, मग खांद्यावरचं पातळ काढून तेही पिळायला लागली. त्याचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, तेव्हा तिनं ते दगडाखाली दाबलं. "सासू वाट बघत असेल. तिला सांगायचंय."

आणि ती ओल्या अंगानंच पायऱ्या चढायला लागली.